काळे मणी आणि बिनफोकसचा फोन

त्या हिवाळ्यात आई नाशिकहून आमच्याकडे कतारला, दोह्यात राहायला आली आणि नेमकं तेव्हाच ऑफिसात माझ्या गळ्यात एक किचकट काम पडलं. आमची छोटी कंपनी गोदामांसाठी अ‍ॅप बनवते. इंडस्ट्रियल एरियातल्या गोदामात काम करणारी माणसं फोनचा कॅमेरा सुट्या भागांवर धरतात, अ‍ॅप त्यावरचा बारीक आकडा वाचतं आणि नोंद करून टाकतं. अल रय्यानच्या आमच्या ऑफिसात हे मस्त चालायचं. गोदामात गेलं की निम्म्या फोनांवर आकड्याच्या जागी नुसता धुरळा दिसायचा. आमचा साहेब केरळचा आहे. तो हिंदीत म्हणाला, "किस फोन का फोकस कैसा है, वो कोड में पता करो. यल्ला." यल्ला म्हणजे अरबीत चला, लागा. आणि तो करक चहा प्यायला निघून गेला.

पुढची सगळी गंमत या फोकसवरच आहे, म्हणून जरा सांगते. फोनच्या कॅमेऱ्यांत तीन जाती असतात. एका जातीत भिंग जागचं हलतच नाही. लांबचं नीट दिसतं, जवळचं पुसट, आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार नसते. दुसऱ्या जातीचं भिंग पुढे-मागे सरकत चित्र कुठे ठसठशीत होतंय ते चाचपडत राहतं. बरोबर जागा आली तरी तिच्यापुढे जातं, अरे चुकलं म्हणत मागे येतं आणि मग थांबतं. तिसरी जात हुशार. ती एकाच वस्तूकडे किंचित वेगळ्या दोन बाजूंनी बघते, कुठे आणि किती सरकायचं ते आधीच ओळखते आणि एका झेपेत तिथे जाते.

काही फोन आपली जात सरळ सांगतात. काहींना आडून विचारावं लागतं, की बाबा रे, तुला जवळात जवळ कुठवरचं दिसतं? हे माप उलटं असतं, जितकं जवळचं दिसतं तितका आकडा मोठा. म्हणून उत्तर शून्य आलं की समजायचं, याचं भिंग हलत नाही. आणि काही फोन चक्क थापा मारतात. कोडने विचारलं तर आपोआप फोकस करतो म्हणून छाती पुढे काढतात आणि प्रत्यक्षात काडीची हालचाल करत नाहीत. लग्नाच्या स्थळाची माहिती आणि मुलगा यांच्यात जेवढं अंतर असतं, तेवढं या फोनांच्या बोलण्यात आणि करण्यात असतं. या सगळ्यांची तपासणी करायला ऑफिसात जुन्या-नव्या फोनांनी भरलेला एक ड्रॉवर होता आणि तो माझ्या ताब्यात होता.

आता आई. नाशिकच्या सराफ बाजाराच्या कडेला आमचं दागिने गाठवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक फळी, एक गादी आणि भिंतीवर रंगीत रेशमाच्या लडी. बाबा गेल्यावर आईने ते एकटीने चालवलं. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवायचा, तोंडाने गिऱ्हाइकाशी गप्पा मारायच्या आणि बोटांनी मंगळसूत्र, मोहनमाळ, बोरमाळ ओवत जायचं. तिचं ओवणं बघायला मला लहानपणी फार आवडायचं आणि शिकायला अजिबात आवडायचं नाही.

अलीकडे तिच्या डोळ्यांच्या पडद्याची तक्रार सुरू झाली होती. चष्मे बदलून झाले. डॉक्टर म्हणाले, आहे ती नजर टिकवायची, नवी येणार नाही, बारीक काम मोठं करून बघता आलं तर बघा. तेव्हापासून दुकानात ती जाडे मणी तेवढे घ्यायची आणि बारीक काम परत पाठवायची. मी विमानतळावर तिची बॅग उचलली तेव्हा म्हणाली, "आता आराम करायला आलेय, मला काही काम सांगू नकोस." घरी येऊन बॅग उघडली तर साड्यांच्या मध्ये तिचा सुया-रेशमाचा डबा. तिने तो झटकन कपाटात ठेवला.

आमच्या कंपाउंडमध्ये, म्हणजे वसाहतीत, शेजारच्या घरात एक लातूरकडची शिक्षिका राहते. तिचा नवरा समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर काम करतो, आठवडेच्या आठवडे घरी नसतो. एका संध्याकाळी ती प्लास्टिकच्या पिशवीत काळे मणी घेऊन आली. कडेवरच्या पोराने हिसका दिला आणि मंगळसूत्र तुटलं. सोनाराकडे नेलं तर तो म्हणाला, सोन्याची साखळी जोडून देतो, मणी ओवायचं काम आमच्याकडे नाही.

"काकू, माझा काही विश्वास-बिश्वास नाही बघा," ती आईला म्हणाली, "पण हे शनिवारी यायलेत आणि गळा कसा रिकामा रिकामा वाटायलाय. इंडियात कुणी जाणार असेल तर त्यांच्यासंगं पाठवू का?"

मी तोंड उघडायच्या आत आईने पिशवी घेतली होती. "कशाला पाठवतेस? शनिवारी ये, घालूनच जा."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर आई जेवणाच्या टेबलाशी बसली होती. पुढे वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर मणी. तिला मणी नेहमी वर्तमानपत्रावरच लागतात, घरंगळत नाहीत म्हणून. गोडा मसाला ज्या कागदात गुंडाळून आला होता तोच तिने हाताने सपाट करून घेतला होता. मणी मोहरीएवढे, त्यांची भोकं त्याहून कितीतरी बारीक. सुई मण्याच्या बाजूने जात होती. पुन्हा जात होती. ओवलेले मणी चिमूटभरही नव्हते आणि तिच्या कपाळावर घाम होता. भर हिवाळ्यात.

मी शेजारी बसले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "शब्द दिलाय म्हणून हे करणार. हे जमलं नाही तर डबा बंद. दुकानही देऊन टाकायचं. उगाच लोकांच्या सौभाग्याचा खेळ नको."

आई रडणाऱ्यातली नाही. त्यामुळे मलाच रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मी चिडते. मी नवऱ्यावर चिडले. तो गॅस प्लांटमध्ये यंत्रांची मोजमापं सांभाळतो आणि घरातली प्रत्येक अडचण त्याला नवीन उपकरण आणायचं निमित्त वाटते. तो त्याच संध्याकाळी एशियन टाउनच्या बाजारात गेला आणि दांडीचं एक मोठं भिंग आणि फोन धरायचा लवचिक स्टँड घेऊन आला. भिंगातून बघायचं तर आईला मान इतकी खाली घालावी लागायची की तिच्या डोक्याची सावली मण्यांवर पडायची. शिवाय एका हातात भिंग, एका हातात सुई, मग मणी कुठल्या हातात धरायचा?

"जावईबापू, तुम्ही एवढं आणलंत, छान आहे," आई म्हणाली आणि तिने ते भिंग आदराने बाजूला ठेवलं. नवऱ्याने ते हिरमुसून फ्रीजवर नेऊन ठेवलं.

मग मी म्हटलं, कॅमेऱ्याचं काम करणारी बाई घरात असताना ही वेळ का यावी? फोन वर धरायचा, मणी खाली ठेवायचे आणि पडद्यावर मोठं करून बघायचं. दोन्ही हात मोकळे. रोज फोनांच्या फोकसची जात शोधतेय, तर आईसाठी उत्तम जातीचा फोन निवडायला काय अडचण आहे? मी माझ्या कोडला एक पाटी जोडली. हुशार जातीचा फोन असला की हिरवी, चाचपडणारा असला की पिवळी, भिंग न हलणारा असला की लाल आणि खाली इंग्रजीत, हा फोन चालणार नाही. मला माझ्या व्यवस्थितपणाचं फार कौतुक वाटलं.

पहिला मान माझ्या स्वतःच्या महागड्या फोनला. हिरवी पाटी. एशियन टाउनच्या स्टँडने फोनचं वजन बघून हळूहळू मान टाकली, म्हणून स्वयंपाकघरातले स्टीलचे डबे दोन्हीकडे रचले आणि फोन त्यांवर पुलासारखा आडवा ठेवला. आमच्या मुलीने उत्साहाने चित्र टीव्हीवर घेतलं. हॉलमध्ये जांभळांएवढे काळे मणी दिसायला लागले.

"आजी, दिस इज सो कूल!" मुलगी म्हणाली. ती मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीतच देते. आजी-नातीचं त्यावाचून काही अडत नाही.

आईने सुई हलवली. टीव्हीतली सुई जराशाने हलली. आईने पुन्हा सुई नेली, तोवर टीव्हीत मागचीच सुई चालू होती. "मी सुई घालते आज," आई म्हणाली, "आणि तुमच्या टीव्हीत ती जाते उद्या." टीव्ही बंद झाला.

नुसत्या फोनच्या पडद्यावर बरं चाललं, पण हुशारीचेही त्रास असतात. हात जवळ आला की माझा फोन आपणहून दुसऱ्या भिंगावर उडी मारायचा आणि चित्र एकदम सरकायचं, नेमकं सुई भोकात शिरायच्या वेळी. मी कोड लिहून ती उडी बंद केली, फोकसही एका जागी बांधून टाकला. तेवढ्यात साहेबाचा फोन आला आणि मण्यांच्या जागी साहेबाचा हसरा फोटो उगवला. तो कट केला तर बांधलेला फोकस सुटलेला. पुन्हा नव्याने शोधताना फोनला वर्तमानपत्रात एका पुढाऱ्याचा चेहरा सापडला. फोनांना माणसांचे चेहरे फार प्रिय. त्याने पुढाऱ्याभोवती पिवळी चौकट आखली, त्याची मिशी केसन् केस स्पष्ट केली आणि मणी धुक्यात सोडून दिले.

"याला निवडणुकीत उभं करा," आई म्हणाली. आम्ही कागद उलटा केला. मागे राशिभविष्य होतं, ते चाललं.

पण माझा फोन मला लागतोच. मग ड्रॉवरमधले फोन एकेक करून घरी यायला लागले. पिवळ्या पाटीचा आला. काळ्या रेशमावर काळे मणी, त्यात ठसठशीत असं त्याला काहीच सापडेना. भिंग पुढे जायचं, मागे यायचं, पुन्हा पुढे. थांब म्हणून कोडमधून सांगितलं की हो म्हणायचा आणि परत फिरायला लागायचा. आईला गरगरायला लागलं. तिने त्याचं नाव भटक्या ठेवलं. त्यानंतरचा आला तो थापाड्या. हिरवी पाटी दाखवायचा आणि जागचा हलायचा नाही. त्याच्याकडे बघून आई म्हणाली, "असा एक जण आपल्या नात्यात आहे," आणि कोण ते सांगायचं तिने टाळलं, कारण तो तिच्या सासरचा नसून माहेरचा होता.

यात गुरुवार उजाडला. मणी निम्मेही ओवून झाले नव्हते. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, तरी शुक्रवारी सकाळी घरात कुणाला मोकळं वाटत नव्हतं. शेजारीण दुपारी बाहेर दिसली, गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळलेली. आईने तिच्याकडे बघायचं टाळलं.

ड्रॉवरमधला शेवटचा फोन होता. कोपऱ्यात तडा गेलेला, अगदी साधा. मी तो टेबलावर ठेवून अ‍ॅप उघडलं. लाल पाटी.

मुलीने वाचून दाखवलं, "आजी, इट सेज नॉट सपोर्टेड."

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे हा चालणार नाही," मी म्हटलं. "याला जवळचं दिसत नाही. लांबचं तेवढं दिसतं."

आईने सुई कागदावर ठेवली. मग ती चिडली. आठवडाभर साठलेलं सगळं त्या फोनच्या निमित्ताने बाहेर आलं. "जवळचं दिसत नाही म्हणून लगेच लाल पाटी? मग मलाही लाव एक लाल पाटी! काय गं, जवळचं दिसेनासं झालं तर माणसाला हाकलून देतात का? चष्मा लावतात! याला लाव की चष्मा!"

मी तिला समजवायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. माझा नवरा फ्रीजपाशी उभा होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तो फ्रीजवरचं भिंग खाली घेऊन आला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तो मला इतका देखणा क्वचितच दिसला असेल.

कोथिंबिरीच्या जुडीचं रबर काढून आम्ही ते भिंग फोनच्या कॅमेऱ्यासमोर बांधलं. पडद्यावर धुरळाच होता. डब्यांच्या पुलाखालून एक डबा काढला. धुरळा थोडा विरला. रव्याचा डबा काढून हळदीचा ठेवला, आणि एकाएकी मणी समोर आले. प्रत्येक मण्याची कड, त्याचं भोक, भोकातून डोकावणारा कागद, सगळं लख्ख. मी श्वास रोखून वाट बघत होते, आता हे हलेल, आता पुसट होईल. पण हलायला त्याच्याकडे काही नव्हतंच. भटक्यासारखं फिरणं नाही, पुढाऱ्याचं प्रेम नाही, साहेबाचा फोन यायला आत सिमकार्ड नाही. हात आला, हात गेला, तो आपला हळदीच्या डब्याच्या उंचीवरून बघत बसला.

आईने सुई उचलली. पडद्यावर सुईचं टोक मण्याच्या भोकाशी आलं आणि आत गेलं. तिने दुसरा मणी घेतला. मग तिसरा. मग तिने पायाचा अंगठा शोधला, त्याला दोरा अडकवला आणि ती शेजारणीच्या पोराबद्दल, त्याला हिसके मारायची सवय कशी सोडवायची याबद्दल बोलायला लागली. आई गप्पा मारत ओवते तेव्हाच ती खरी ओवते. मी स्वयंपाकघरात गेले आणि चहा करते असं सांगून तिथे थोडी रडले. यावेळी चिडले मात्र नाही.

शनिवारी शेजारीण नवऱ्याला आणायला निघण्याआधी आली. आईने स्वतः तिच्या गळ्यात मंगळसूत्र घातलं, वाट्या सरळ केल्या, गाठ तपासली. शेजारणीने आरशात पाहिलं आणि आईला वाकून नमस्कार केला. आई म्हणाली, "त्या डब्यालाही कर." तिला वाटलं, आईचा सुयांचा डबा. ती त्यालाही नमस्कार करून गेली. आम्ही हळदीचा डबा फडताळात ठेवला.

मग काय, कंपाउंडमधल्या बायकांनी कपाटांच्या तळाशी पडलेली तुटकी मंगळसूत्रं, तन्मणी, मोत्यांच्या माळा बाहेर काढल्या. आराम करायला आलेली आई परत जाईपर्यंत टेबलावरून उठली नाही.

रविवारी ऑफिसात जाऊन मी लाल पाटी काढून टाकली. तिच्या जागी अ‍ॅप आता सांगतं, फोन हातभर लांब धरा, आणि तेवढ्या लांबूनचा आकडा स्वतः मोठा करून वाचतं. गोदामातले साधे फोन चालायला लागले. साहेब खूश झाला. मी त्याला तडा गेलेला फोन मागितला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "ये? इस में तो फोकस ही नहीं है. ले जाओ, खलास."

आई तो फोन, ते भिंग आणि कोथिंबिरीचं रबर घेऊन नाशिकला गेली. दुकान चालू आहे. बारीक काम ती परत पाठवत नाही. फोनमध्ये तिने आता सिमकार्ड घातलंय आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती त्याच फोनवरून मला व्हिडिओ कॉल लावते. तिचा सेल्फीचा कॅमेरा त्या तड्यापायी गेला, म्हणून ती मागच्या कॅमेऱ्यानेच बोलते, भिंग बांधलेलं तसंच ठेवून. फोन समोरच्या आरशाकडे केला की मला तिचा चेहरा दिसेल, असं तिला वाटतं. मला दिसतो तो एक पांढरा-करडा धुरळा, मधे कुंकवाच्या जागी बाबा गेल्यापासून लावते त्या काळ्या टिकलीचा ठिपका असावा असा अंदाज, आणि त्या धुरळ्यातून येणारा तिचा खणखणीत आवाज.

"आई, ते भिंग काढ ना बोलताना. तू दिसतच नाहीस मला."

"काढलं की परत बसवताना त्रास होतो. माझ्या तोंडात काय बघायचंय? हे बघ."

आणि ती भिंगासमोर हात आणते. धुरळ्यातून तिची बोटं एकदम लख्ख बाहेर येतात, नखांच्या कडा, सुईने टोचून टोचून राठ झालेली अंगठ्याची कातडी, आणि बोटांवर ताणून धरलेला, त्या दिवशी तिने ओवलेला काळ्या मण्यांचा सर. मी इथे दोह्यात जेवणाचा डबा उघडा टाकून ते बघत बसते. एवढ्या जवळून आईचे हात मी लहानपणीसुद्धा बघितले नव्हते.